सतराव्या भागाला

उद्यमबागेत, ओतकामाच्या भट्ट्यांमागे
किणेकरांचं शेड. आत दोन रोलांची मिल,
एक प्रेस, एक जुना मेगर, आणि मी.
मिलवर गुरुसिद्ध असतो.
त्याची भाषा मला निम्मी येते, माझी त्याला निम्मी;
ही दोन निम्मी एकच आहेत का वेगवेगळी,
अकरा वर्षांत कधी मोजून बघितलं नाही.

ऑर्डर चटईची होती. कोटिंगवाल्याला हवी,
पायातली ठिणगी गुपचूप जमिनीत मुरवणारी.
आता रबर म्हणजे मुळातच अडवणारं.
वायरमनचे हातमोजे कशाचे असतात?
त्यालाच वाहायला शिकवायचं, काजळी चारून.

शंभर भाग रबर, दहा भाग काजळी.
काटा अनंतावर. हलायचं नाव नाही.
बारा. तेरा.
चौदाला वहीत लिहिलं: काही नाही.
बाहेरून तुकडा तव्याच्या बुडासारखा काळा,
आत एकेक कण आपापल्या घरात, कडी लावून.
"इन्नू स्वल्प," गुरुसिद्ध म्हणाला.
"पंधरा," मी म्हटलं.
किणेकर डोकावून काजळीचा भाव सांगून गेले.
सोळाला काटा थरथरला,
का टेबलाला माझा गुडघा लागला, कोण जाणे.

सतराला पडला.
उतरला नाही, पडला,
दोर सुटून कळशी विहिरीत जावी तसा,
आठ शून्यं एका दमात गाळून.
आधीच्या आणि आताच्या तुकड्यात फरक एवढाच,
मूठभर काजळी, तीही बाईच्या मुठीची.
"बंतु!" मिलवरून आवाज आला.

चहाच्या वेळी त्याला सांगायला बघितलं
की कण एकमेकांना टेकतातच असं नाही.
मधे रबराची फट राहते,
एक केस वीस हजारदा चिरावा एवढी.
तेवढ्यावरून वीज उडी मारते, दार उघडत बसत नाही.
पण उडी येते, फट येत नाही निम्म्या भाषेत.
मग बशीत शेंगदाणे मांडले, या काठापासून त्या काठापर्यंत,
जरा जरा जागा सोडून.
त्यानं नीट बघितलं,
आणि मधला एक उचलून तोंडात टाकला.
"करंट होय्तु," म्हणाला.

दुसरा घाणा त्यानं दहा मिनिटं जास्त चालवला,
कुणी न सांगता, मायेनं.
शीट निघाली गुळगुळीत, आरशासारखी.
आणि काटा परत अनंतावर.
तेच सतरा भाग, तीच गोणी.
फार मळलं की साखळ्या तुटतात,
कण सारखे पसरतात,
प्रत्येक जण प्रत्येकापासून बेताच्या अंतरावर, सभ्य.
"चांगलं मिसळलंय की," किणेकर म्हणाले.
मी म्हटलं, "फारच चांगलं."

गुरुसिद्ध नळावर कितीतरी वेळ हात धूत राहिला.
नखांच्या कडेची काजळी जात नाही, त्यालाही माहीत आहे.
माझ्या वहीच्या पानांवर काळे ठसे आहेत,
त्यातले त्याचे कुठले, माझे कुठले, आता सांगता येणार नाही.

तिसरा घाणा सहा मिनिटं.
त्यानं त्याच्या आकड्यांत मोजलं, मी माझ्या,
हदिनेळु, सतरा,
मिल मात्र एकदाच थांबवली.

संध्याकाळी एक पट्टी कापून दोघांनी ओढून बघितली.
ताणली की काटा वर चढतो,
आतले कण एकमेकांचे हात सोडत लांब जातात.
"बिडु," मी म्हटलं.
त्यानं सोडली.
काटा खाली आला, अगदी पहिल्या जागी नाही,
किंचित वर राहिला.
तेवढा राहतोच. तोही आकडा मी लिहून ठेवला.